आधी मागच्या वर्षीचा हिशोब दाखवा

अमळनेरच्या दाणा बाजारात एका पेढीवर पाऊण तास बसून होते. हातात प्लास्टिकची फाइल आणि त्यात लोककला महोत्सवासाठी पैसे मागायचा, अकरा पानांचा कलर प्रिंट काढलेला प्रस्ताव. शेठ फोनवर तुरीचा भाव बोलत होते. फोन ठेवला, फाइल घेतली, पानं सरसर उलटली, कुठंच थांबले नाहीत, आणि विचारलं, "ताई, मागच्या वर्षी काही केलं होतं का तुम्ही? त्याचा हिशोब आहे का?"

म्हटलं आहे, पण घरी आहे.

"मग तो घेऊन या. हे राहू द्या."

बाहेर आले तेव्हा जाम राग आला होता. एकतर बाई एकटी पेढीवर गेली की आधी "कोणाच्या घरातल्या तुम्ही" इथून सुरुवात, सासर माहेर सगळं निघतं, त्यात प्रस्ताव वाचलासुद्धा नाही. पण नंतर वर्षभर जिथं जिथं गेले, शेठ असो, कंपनी असो की सरकारी अनुदानाचा ऑनलाइन फॉर्म असो, सगळ्यांनी फिरून फिरून हेच विचारलं.

तर झालं असं की मी एका शाळेत शिकवते आणि आमची एक छोटी संस्था आहे, २०१६ साली रजिस्टर केलेली, वाचनालय आणि मुलांच्या नाट्यशिबिरासाठी. २०२३ च्या कोजागिरीला आम्ही गुलाबाईच्या गाण्यांची एक संध्याकाळ केली होती. त्या वर्षी नेमकं कोजागिरीलाच चंद्रग्रहण होतं म्हणून एक दिवस आधी केली. गल्लीतल्या बाया, म्हाताऱ्या आज्या, मसाला दूध, साउंडवाला आमचाच माजी विद्यार्थी. एकूण खर्च १८,६४० रुपये. नंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७ वं साहित्य संमेलन झालं, गावात पाहुणेच पाहुणे, आणि तेव्हा आम्हाला वाटलं की आपण दोन दिवसांचा लोककलेचा महोत्सव का करू नये, वहीगायन म्हणजे डफावर म्हणायची आमची खानदेशी लोकगाणी, कानबाईची गाणी, आखाजीची म्हणजे अक्षय्य तृतीयेची गाणी, सगळं अहिराणीतलं एका ठिकाणी. उत्साहात काय, वाटतं सगळं.

आता संमेलनाच्या वर्षी हे सुचणं म्हणजे पैशाच्या दृष्टीनं सगळ्यात वाईट वर्ष. ज्याच्याकडे जावं तो म्हणायचा "आत्ताच तर दिले ना हो". आणि ज्याला विचारावं तो सल्ला द्यायचा की विप्रोला लिहा, आपल्या गावची कंपनी. हे अमळनेरमध्ये लहानपणापासून ऐकतोय आपण, १९४५ साली इथं तेलाचा कारखाना म्हणून सुरू झाली, गावात कितीतरी घरात तिचे शेअर आहेत, त्यामुळे रस्त्याला खड्डा पडला तरी लोक म्हणतात विप्रोला लिहा. आम्ही नाही लिहिलं. पण सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी समाजकामावर करायचा खर्च, हा काय प्रकार आहे तो बघू म्हणून जळगावला एमआयडीसीतल्या दुसऱ्या एका कंपनीत गेले, सकाळची पॅसेंजर पकडून.

तिथला मुलगा चांगला होता, तरुण, आमच्या कॉलेजात प्रतापला शिकलेला निघाला. त्यानं मला अर्ध्या तासात जे समजावलं ते कोणी आधी सांगितलं असतं तर दोन महिने वाचले असते. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीचा नफा ५ कोटी किंवा जास्त आहे, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा नेटवर्थ ५०० कोटी, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के सीएसआरवर खर्च करावे लागतात. कला, संस्कृती, पारंपरिक कला हे त्या यादीत आहे, म्हणजे शेड्यूल सातमध्ये. हे ऐकून मी खूश. मग तो म्हणाला, "पण मॅडम, तुमच्या प्रस्तावात पान नऊवर लिहिलंय की स्टेजवर कंपनीचा लोगो, गेटवर कमान, सूत्रसंचालक दर तासाला नाव घेणार. हे लिहिलं की संपलं. जाहिरातीसाठीची स्पॉन्सरशिप सीएसआरमध्ये धरत नाहीत. आणि दोन दिवसांचा इव्हेंट तर नाहीच, प्रोजेक्ट लागतो." म्हणजे मी जे आमिष म्हणून लिहिलं होतं तेच आडवं आलं. लोगो हवा असेल तर मार्केटिंग डिपार्टमेंट, ते मुंबईला. सीएसआर हवा असेल तर वर्षभर दहा पोरांना वहीगायन शिकवण्याचा कार्यक्रम आणा, सोबत संस्थेचं बाराए (संस्थेला आयकरातून सूट), एटीजी (देणगीदाराला करसवलत), आणि सीएसआर-१ नंबर, म्हणजे सीएसआरचे पैसे घेण्यासाठी संस्थेची नोंदणी, तो २०२१ पासून कंपलसरी आहे. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. त्यानं चहा मात्र चांगला पाजला.

परत येताना गाडीत हिशोब केला की आपल्याकडे नक्की कागद कोणते आहेत. तर धर्मादायचं रजिस्ट्रेशन, पॅन, आणि ऑडिट. ऑडिट पण दोन वर्षांचं राहिलेलं. त्यात आमचे जुने चिटणीस कोविडमध्ये गेले आणि त्यांच्या जागी नाव बदलायचा चेंज रिपोर्ट आम्ही दाखलच केला नव्हता, म्हणजे कागदावर अजून तेच चिटणीस. नाट्यशिबिरं छान चालली होती, फोटो होते, पेपरात बातम्या होत्या, पण सरकार दरबारी संस्था २०१९ मध्येच थांबलेली. हे तुमच्या संस्थेचं असेल तर आधी ते करा, बाकी सगळं नंतर. आमचे एप्रिल ते जुलै त्यातच गेले. सीएनं ऑडिटचे पैसे कमी घेतले पण प्रत्येक व्हाउचरला बोलणी खाल्ली. "हे काय, चहा १४०, कोणाला पाजला, किती कप?" आता आठवतं का कोणाला.

बाराए आणि एटीजीचं रजिस्ट्रेशन मात्र ऑनलाइन झालं आणि अपेक्षेपेक्षा लवकर झालं. मग मी मोठ्या तोऱ्यात देणगीदारांना सांगायला लागले की एटीजीची पावती मिळेल, टॅक्स वाचेल. एका डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, "मी न्यू रेजिम घेतलंय, मला त्याचा काही उपयोग नाही." खरं होतं, नव्या करप्रणालीत ती वजावट मिळत नाही. दुसरे एक किराणावाले ५,००० रोख द्यायला तयार, पण एटीजीला २,००० च्या वर रोख चालत नाही आणि देणाऱ्याचा पॅन लागतो, कारण ३१ मेच्या आत सगळ्या देणगीदारांची यादी इन्कम टॅक्सला भरायची असते. पॅन म्हटल्याबरोबर ते म्हणाले, "राहू द्या ताई, साधी पावती फाडा." लहान गावात एटीजीमुळे पैसे वाढतात हे माझ्या अनुभवात तरी खोटं आहे. पाचसहा जणांनी मागितली असेल. पण अनुदानाच्या फॉर्ममध्ये ते सर्टिफिकेट दिसलं की समोरचा जरा सरळ बसतो, एवढा फायदा.

अनुदानाचं सांगते. केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची महोत्सव, कार्यशाळा, नाट्यनिर्मिती यांच्यासाठी एक योजना आहे, कला संस्कृती विकास योजनेतली, सीएफपीजी म्हणतात तिला. साधारण ५ लाखांपर्यंत, खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत, बाकीचा २५ टक्के वाटा संस्थेनं स्वतः उभा करायचा, आणि पैसे दोन हप्त्यात, आधी ७५ टक्के आणि हिशोब दिल्यावर २५. संस्था तीन वर्ष जुनी लागते, संस्थांसाठीच्या सरकारी दर्पण पोर्टलवर नोंद लागते, तीन वर्षांचं ऑडिट लागतं. उदयपूर आणि नागपूर अशी दोन सांस्कृतिक केंद्रं पण महाराष्ट्राला लागू होतात. मी हे सगळं वाचून काढलं, आणि आम्ही कुठं कुठं अर्ज केला आणि कुठलं मंजूर झालं ते इथं लिहीत नाही, कारण पुढं जे सांगायचंय त्यात कोणाचं नाव यायला नको.

अर्जात आम्ही अंदाजपत्रक ४ लाखांचं दाखवलं, मागणी ३ लाखांची. इथं पहिली चूक म्हणजे कलाकारांच्या बिदागीचा एकच आकडा टाकला, एकरकमी. परत आला फॉर्म. संच किती, संचात माणसं किती, प्रत्येकी किती, प्रवास वेगळा, जेवण वेगळं. दुसरी चूक जास्त मोठी, ती पुढं येते.

तारीख आधी दिवाळीनंतरची धरली होती, पण विधानसभेची निवडणूक लागली, ऑक्टोबरच्या मध्यापासून आचारसंहिता, परवानग्या अडकल्या, आणि बाजारात कोणी कशाला पैसे देईना कारण ज्याला द्यायचे ते सगळे दुसरीकडेच देत होते. २३ नोव्हेंबरला निकाल लागला आणि आम्ही २८ आणि २९ डिसेंबर पक्की केली. हातात पाच आठवडे.

खरी वर्गणी त्या पाच आठवड्यातच झाली. दाणा बाजारच्या शेठकडे परत गेले तेव्हा प्रस्ताव नेलाच नाही. एक कागद नेला फक्त, गुलाबाईच्या संध्याकाळचा हिशोब, १८,६४० चा. दूध इतकं, साखर इतकी, साउंड ३,५००, झाडू आणि फिनाइल १६०, जमा इतके, आणि ४१० रुपये कमी पडले ते कोणी घातले. शेठनी चष्मा लावून तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला, फिनाइलवर बोट ठेवून हसले, आणि म्हणाले, "मैदान तुम्ही धुवून दिलं होतं का? मग बरोबर." ११,००० चा चेक दिला. वर शेजारच्या पेढीवर फोन करून सांगितलं की बाई येताहेत, बघून घ्या. त्या एका फोननं बाजारातले नऊ जण झाले. स्मरणिकेच्या जाहिराती आणि बाजार मिळून ७४,००० जमले. त्या दिवसापासून तो हिशोबाचा कागद मी लॅमिनेट करून घेतलाय.

गल्लीबोळातली वर्गणी ६८,५०० झाली, २५१ पासून २,१०० पर्यंतच्या पावत्या. यातली जवळजवळ निम्मी बायांनी फाडली, भिशीच्या ग्रुपमध्ये, कानबाईच्या मंडळात, कारण स्टेजवर त्यांची आई किंवा सासू गाणार होती.

एका क्लासवाल्यांनी १५,००० दिले पण त्यांना मध्यंतरात वीस मिनिटं करिअर मार्गदर्शन करायचं होतं. वहीगायन रंगात आलेलं असताना मध्येच नीटची कटऑफ! बरीच घासाघीस होऊन तीन मिनिटांच्या व्हिडिओवर जमलं.

बियाणं आणि खतांच्या एका कंपनीनं, म्हणजे त्यांच्या इथल्या डीलरच्या ओळखीनं, ४०,००० मंजूर केले. मी पावती पाठवली. त्यांचा मेल आला की पावती नको, इन्व्हॉइस द्या. हा फरक मला तोपर्यंत माहीतच नव्हता. देणगी घेतली की पावती, पण बॅनर लावायचे पैसे घेतले की ते जाहिरातीचं काम, त्याचं बिल द्यायचं, आणि त्यातून २ टक्के टीडीएस कापून ३९,२०० खात्यात आले. जीएसटीचं विचारलं तर सीए म्हणाले स्पॉन्सरशिपवर रिव्हर्स चार्जमध्ये कंपनीच भरेल, तुम्ही फक्त बिलावर तसं लिहा. ते कापलेले ८०० रुपये रिटर्न भरल्यावर परत मिळतात म्हणे.

पैशापेक्षा वस्तूंनी जास्त निभावलं खरं तर. एका दाल मिलवाल्यांनी तूरडाळ दिली, वांगी एका पालकाच्या शेतातली, जळाऊ लाकूड आणि गोवऱ्या पण आल्या, दोन्ही दिवस सगळ्यांना वरणबट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी. पण एक लक्षात ठेवा, वस्तूंची पण पावती करा आणि किंमत लिहा. आम्ही नाही केली. नंतर अनुदानाच्या हिशोबात विचारलं की शंभर माणसांचं जेवण दोन दिवस आणि किराणा फक्त ६,०००, हे कसं?

फ्लेक्सचं एक प्रकरण झालंच. अनुदानवाल्यांचा लोगो सगळ्यात वर पाहिजे अशी अट, कंपनीला डावी बाजू पाहिजे, आणि एका पुढाऱ्यांच्या कार्यकर्त्यांना भाऊंचा फोटो पाहिजे, मोठा, हात जोडलेला. भाऊंनी स्वतः एक रुपया दिला नव्हता, "शब्द" दिला होता. शेवटी गेटवर त्यांचा वेगळा फ्लेक्स त्यांच्याच खर्चानं लावायला सांगितला आणि स्टेजचा पडदा वाचवला.

आता ती दुसरी चूक. अनुदान मंजूर झाल्याचं पत्र कार्यक्रमाच्या बारा दिवस आधी आलं, ३ लाखांऐवजी १,५०,००० चं, आणि मी वेडी, गावभर पेढे वाटायचे बाकी ठेवले. पत्र म्हणजे पैसे नाहीत. पहिला हप्ता १,१२,५०० खात्यात आला मार्चमध्ये. मधल्या काळात महोत्सव कोणाच्या जिवावर झाला तर मंडपवाले भाऊ, साउंडवाला आणि प्रेसवाला यांच्या. मंडपवाल्यांना मी ते पत्र व्हॉट्सॲप केलं होतं, त्यांनी अंगठा पाठवला, बस एवढीच हमी.

आणि त्या पत्राच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात होतं की कलाकारांचं मानधन थेट ज्याच्या त्याच्या बँक खात्यात. आमच्या वहीच्या संचात १४ जण. सहा जणांची खाती केवायसी नसल्यानं बंद पडलेली. लोककलाकारांना सुपारी म्हणजे रोख, आधी थोडी आणि उठताना बाकी, ही पिढ्यानपिढ्यांची रीत. संचातले म्होरके आप्पा, पंचाहत्तरी ओलांडलेले, मला म्हणाले, "माले बँक नको, हातमा दे. बँकमा टाकशी तं नातू काढी लेई." सगळे हसले, नातू पण तिथंच डफ शेकत बसला होता, तोही हसला. पण मला दोन शनिवार त्यांना मोटरसायकली करून बँकेत न्यावं लागलं, आधार, फोटो, अंगठा. आप्पांचा अंगठा मशीन घेईना, कष्टानं रेषाच राहिल्या नाहीत. तिसऱ्यांदा ओल्या फडक्यानं पुसून घेतला तेव्हा गेला. तरी दोघांचं राहिलंच, आप्पा त्यातले एक, त्यांना मी माझ्या जबाबदारीवर रोख दिले, प्रत्येकी ६,०००, रेव्हेन्यू स्टॅम्प लावून, कारण ५,००० च्या वर तो लागतोच. आप्पांचं व्हाउचर क्रमांक १७.

महोत्सव कसा झाला ते इथं सांगत बसत नाही, तो वेगळा विषय आहे. थंडी कडाक्याची होती, दुसऱ्या दिवशी दहाला माइक बंद करायचा नियम म्हणून बंद केला तर आप्पांच्या संचानं बिनमाइकचं अर्धा तास गायलं आणि कोणी उठलं नाही, एवढंच.

मग हिशोब. एकूण खर्च ३,४६,२००. वर्गणी, बाजार, क्लास आणि कंपनी मिळून हातात आले १,९६,७००, शिवाय अनुदानाचे मार्चमध्ये आलेले १,१२,५०० वेगळे. कमी पडले ३७,०००, आणि अनुदानाचा दुसरा हप्ता बरोबर ३७,५०० चा, म्हणजे तो आला की सगळं मिटतं असं कागदावर दिसतं. त्यासाठी युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, जीएफआर १२-ए या सरकारी नमुन्यात, सीएच्या सहीनं, सगळी बिलं, बँक स्टेटमेंट, स्मरणिका, पेपरची कात्रणं आणि जिओटॅग केलेले फोटो. फोटो काढणारा माझा भाचा, त्याच्याकडे चांगला कॅमेरा, ६०० फोटो, एकातही लोकेशन नाही. शेवटी गावातल्या बायांच्या मोबाइलमधून गोळा केले. भांडी घासणाऱ्या एका मावशींच्या फोनमध्ये लोकेशन चालू होतं, त्यांचे सात फोटो आमच्या फाइलमध्ये गेलेत.

एप्रिलमध्ये फाइल पाठवली, जूनमध्ये क्वेरी आली. दोन मुद्दे. किराण्याचा तो, आणि "व्हाउचर क्र. १७ वरील अंगठा कोणाचा, साक्षांकित नाही." फोन केला, तीनदा वेगवेगळ्या माणसांनी उचलला, तिघांनी वेगवेगळं सांगितलं. एक म्हणाले सरपंचाचा दाखला चालेल, एक म्हणाले ग्रामसेवकाचा, तिसरे म्हणाले आता मार्च एंड होऊन गेलाय तर बजेट बघावं लागेल. मी दोन्ही दाखले घ्यायचं ठरवलं.

आप्पांच्या गावी गेले तेव्हा पाऊस नुकता पडून गेला होता, ते कपाशीच्या शेतात. बांधावर बसून नव्या कागदावर अंगठा दिला, दोन साक्षीदार म्हणून शेजारच्या शेतातली माणसं बोलावली. मी समजावत होते की अहो आप्पा तुम्हाला पैसे मिळाले हे त्यांना पटत नाहीये. त्यांनी अंगठ्याची शाई पानानं पुसली आणि म्हणाले, "आते परत कव्हय शे?"

तारीख अजून ठरली नाही. मंडपवाल्यांचे २२,००० बाकी आहेत, उरलेले १५,००० माझ्या आणि आमच्या सरांच्या खिशातून गेलेत. परवा मंडपवाले बसस्टँडवर भेटले. आधी "आला का सरकारी पैसा" विचारायचे, आता विचारत नाहीत. म्हणाले, "ताई, डिसेंबरात लग्नाच्या तिथी आहेत, मंडप पाहिजे असेल तर आत्ताच सांगून ठेवा." मी म्हटलं मागचे तर देऊ द्या. ते म्हणाले ते येतील, तारीख बोला.